दार उघडं ठेवून केलेली प्रार्थना: पंडिता रमाबाई, मनो आणि 1893 चं पुणं (एक प्रकरण अभ्यास)

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, पालकांची मीटिंग असली की एक प्रश्न हमखास येतो. पोरांना विश्वासात वाढवायचंय, पण आजूबाजूचं वातावरण असं झालंय की घरात भजन म्हणायचं तरी खिडकी लावून घ्यावीशी वाटते, शाळेत कोणीतरी पोराला विचारतं "तुम्ही लोक कन्व्हर्ट झालेले ना?" आणि ते पोरगं घरी येऊन काही न बोलता जेवतं आणि झोपतं, मग आईबापानी करायचं काय? ह्यावर उपदेश आपण भरपूर ऐकलेत. म्हणून मी आज एकच प्रकरण नीट उलगडून लिहितोय, आपल्याच पुण्यातलं, 1893 सालचं, आणि त्यात मला काय पटतं काय पटत नाही तेही सरळ लिहितो.

मुद्दा दिसायला अगदी साधा आहे. शारदा सदन नावाच्या वसतिगृहात एक आई आपल्या खोलीत आपल्या बारा वर्षांच्या मुलीबरोबर रोज प्रार्थना करायची, बायबल वाचायची, आणि त्या खोलीचं दार उघडं असायचं. वसतिगृहातल्या काही मुली आपणहून यायच्या, बसायच्या, ऐकायच्या. आई त्यांना बोलवायची नाही, पण जा असंही म्हणायची नाही. आई म्हणजे पंडिता रमाबाई आणि मुलगी मनोरमा, घरात सगळे मनो म्हणायचे. ह्या उघड्या दारावरून पुण्यात एवढं वादळ झालं की सल्लागार मंडळातले न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखी माणसं राजीनामा देऊन बाहेर पडली, सुमारे पंचवीस मुलींना त्यांच्या घरच्यांनी काढून नेलं आणि संस्था राहते की बुडते अशी वेळ आली.

आता मागचं थोडं सांगायला हवं, नाहीतर रमाबाई हट्टी होत्या एवढंच वाटेल. रमाबाईंचा जन्म 1858 चा, वडील अनंतशास्त्री डोंगरे. बाईने संस्कृत शिकायचं नाही असा तो काळ आणि ह्या माणसाने आधी बायकोला शिकवलं, लोकांनी त्रास दिला तरी सोडलं नाही, मग आईने पहाटे उठवून रमाबाईंना शिकवलं. म्हणजे बघा, समाज विरोधात असताना जे खरं वाटतं ते घरात चालू ठेवायचं, हे रमाबाईंनी ख्रिस्ती व्हायच्या कितीतरी आधी स्वतःच्या आईबापांच्या घरातच पाहिलेलं होतं, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पुढे 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, भाऊ आणि त्या पायी फिरत कलकत्त्याला पोचले, तिथे पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या मिळाल्या, मग भाऊ गेला, लग्न झालं, एप्रिल 1881 मध्ये मनो झाली आणि 1882 च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्याने गेला. मनो तेव्हा वर्षाचीसुद्धा नव्हती. 1883 ला त्या इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टर्सकडे, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती जोगिणींकडे, गेल्या आणि तिथे 29 सप्टेंबरला आई आणि लेक दोघींचा बाप्तिस्मा झाला.

मूल वाढवण्याचा पहिला झगडा इथेच, वाँटेजला झाला, आणि तो बाहेरच्या लोकांशी नव्हता, तो आपल्याच विश्वासातल्या, जीव लावणाऱ्या माणसांशी होता. सिस्टर जेराल्डीन म्हणून तिथल्या होत्या, त्यांना रमाबाई आजीबाई म्हणायच्या, त्यांचं मनोवर खरंच प्रेम होतं. पण त्यांचं म्हणणं असं की पोरीला आमच्या चर्चची सगळी शिकवण, सगळी शिस्त, जशी इंग्लंडमध्ये देतात तशीच्या तशी द्यायची, आणि रमाबाईंनी ह्याला नाही म्हटलं. स्वतःला अजून ज्या गोष्टी पूर्ण कळलेल्या नाहीत त्या दुसऱ्या कोणी माझ्या लेकराच्या गळी उतरवू नयेत असं त्यांचं मत. शिवाय मनोने आपल्या देशाच्या माणसांत त्यांच्यातलीच एक होऊन वावरावं, त्यांची लाज बाळगणारी कोणी वरची होऊन नव्हे, असं त्यांनी पत्रांतून ठामपणे कळवलं. क्रूसावरचे लॅटिन शब्द पाहून तिथे संस्कृत का नको असं विचारणारी बाई ती. अंडं घातलेला पदार्थसुद्धा त्या खायच्या नाहीत आणि त्यावरूनही तिथे कुरबूर झाली.

हे मुद्दाम सांगितलं, कारण आपल्याकडे काही जणांना वाटतं की पोराला ख्रिस्ती म्हणून वाढवायचं म्हणजे त्याच्या घरचं, भाषेचं, जेवणाचं सगळं पुसून टाकायचं, आणि आज तर इंग्लिश वर्शिप, इंग्लिश संडेस्कूल, पोराला मराठी बायबल वाचताच येत नाही अशी घरं मी बघतोय. त्या पोराला शाळेत कोणी म्हटलं की तू परका, तर ते उत्तर काय देणार, त्याच्याजवळ उत्तर असायला ते आधी इथलं असावं लागतं ना. अभंग आणि कीर्तन ज्यांच्या गळ्यात होतं त्या नारायण वामन टिळकांनी तेच प्रभूपुढे ठेवलं म्हणून त्यांची भजनं आजही आपल्या खेड्यापाड्यातल्या मंडळीत म्हणतात.

असो, परत मूळ प्रकरणावर. अमेरिकेत बोस्टनला रमाबाई असोसिएशन 1887 ला उभी राहिली, दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल झालं आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. उच्चवर्णीय विधवांसाठी आणि मुलींसाठी. अट स्पष्ट होती, इथे धर्म शिकवायचा नाही, धर्म बदलायला सांगायचं नाही, मुलींनी आपापलं सोवळंओवळं, पूजा, उपास पाळावेत, कोणी आडवं येणार नाही. आणि रमाबाईंनी ते खरोखर पाळलं, मुलींच्या जेवणाखाण्याचे जातीचे नियम सांभाळले गेले, कोणी तुळशीला पाणी घालत असेल तर घालू दिलं. इथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, ती तिथे राहिली, शिकली, हिंदूच राहिली आणि मार्च 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं. विधवेचं लग्न, त्या काळात! दार उघडं होतं म्हणून आत आलेली प्रत्येक मुलगी ख्रिस्ती झाली असं जे काही जण बोलतात ना, त्याला हे एवढं एकच उदाहरण पुरे.

पण संशय आधीपासून होताच. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात सदनातल्या विधवा ख्रिस्ताकडे वळताहेत अशा अर्थाचं छापून आलं, ते केसरीने उचललं, आणि त्यानंतर टीका थांबलीच नाही. त्यातच 1891 च्या सुमाराला रमाबाईंच्या स्वतःच्या विश्वासात मोठा बदल झाला. तोपर्यंत त्या म्हणायच्या मी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि आता त्यांना ख्रिस्त भेटला, असं त्यांनीच पुढे लिहिलंय. साहजिकच प्रार्थनेत जीव आला, बायबल वाचताना आवाज बदलला असणार, आणि मुली कानोसा घेत दाराशी येऊन बसायला लागल्या.

1893 ला गोष्ट गळ्याशी आली. सल्लागारांचं म्हणणं थोडक्यात असं की तुमचा धर्म तुमच्यापाशी ठेवा, दार लावा, दुसऱ्यांच्या मुलींना आत येऊ देऊ नका. रमाबाईंचं उत्तर असं की मुलींना आपापले देव पुजायची मोकळीक आहे तशी मला माझ्या घरात माझ्या लेकीबरोबर प्रार्थना करायची मोकळीक आहे, त्यांना मी कधी दार लावायला सांगितलं नाही, मग मी का लावू. हे उत्तर त्यांना महागात पडलं. ऑगस्टमध्ये सल्लागार मंडळ बाजूला झालं, पालक येऊन मुलींना घेऊन गेले, आणि त्यात मनोच्या वयाच्या, तिच्याबरोबर खेळणाऱ्या मुलीही असणारच. बोस्टनवाल्यांनी मात्र साथ सोडली नाही आणि सदन चालू राहिलं.

आता मला काय वाटतं ते.

त्यांच्यापुढे वाटा होत्या. दार लावून घ्यायचं, कोणाचं काही बिघडलं नसतं, मुली राहिल्या असत्या, रानड्यांसारख्या मोठ्या आणि खरंच भल्या माणसांचा आधार राहिला असता. आणि ह्याला शास्त्राधारही आहे, बायबलातल्या मत्तय 6 मध्ये प्रभू येशू स्वतः सांगतो की प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा, दार लाव. मग रमाबाई चुकल्या का? मी ह्यावर बरेच दिवस विचार केलाय. मत्तयात प्रभू ज्यांना बोलतोय ते लोक चौकात उभे राहून प्रार्थना करतात, लोकांनी बघावं आणि वाहवा करावी म्हणून. दार लावायचं ते ह्या कौतुकापासून. पण दानीएल 6 मध्ये उलटं आहे, हुकमावर राजाची सही झालेली, तीस दिवस राजाखेरीज दुसऱ्या कोणाकडे मागणं मागायचं नाही, आणि दानीएल घरी जातो, वरच्या खोलीत यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्याच आहेत, तो रोजच्यासारखा तीनदा गुडघे टेकतो. तो त्या दिवशी मुद्दाम खिडक्या उघडायला गेला नाही, त्या आधीपासून उघड्याच होत्या, त्याने भीतीपोटी त्या लावल्या नाहीत एवढंच. कौतुकासाठी दार उघडायचं नाही आणि भीतीसाठी ते लावायचं नाही, असं दोन्ही शास्त्रपाठ एकत्र ठेवले की मला दिसतं. रमाबाईंचं दार आधीपासून उघडं होतं.

आणि लेकराच्या बाजूने बघा. मनो बारा वर्षांची, सगळं कळतं त्या वयात. तिच्या आईने लोकांच्या दडपणाने दार लावलं असतं तर पोरीने त्या दिवशी काय शिकलं असतं? की आपण जे करतो त्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे. पोरांना आपण तोंडाने सांगतो की येशूची लाज वाटू देऊ नका, आणि पाहुणे आले की जेवणाआधीची प्रार्थना गुपचूप उरकतो, किंवा शेजारी आले म्हणून भिंतीवरचं वचन काढून ठेवतो, मग पोरं कोणतं शिकतात, तोंडाचं का हातांचं? चौदा-पंधरा वर्षांची पोरं उपासनेला यायची बंद होतात त्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत मला हेच कारण दिसलंय, त्यांना देवाबद्दल शंका नसते, त्यांना आईबापांच्या भीतीचा वास आलेला असतो.

पण इथे एक अवघड जागा आहे आणि तिच्यावरून उडी मारून पुढे जायचं मला बरोबर वाटत नाही. मनो ही रमाबाईंची पोटची मुलगी. बाकीच्या मुली नव्हत्या. त्यांच्या घरच्यांनी त्यांना एका शब्दावर विश्वास ठेवून पाठवलेलं होतं. रानडे-भांडारकर काही रमाबाईंचे वैरी नव्हते, त्यांनी समाजाला सांगून ठेवलेलं की इथे मुली सुरक्षित आहेत, आणि त्यांचा शब्द अडकलेला होता. शिवाय 1895-96 मध्ये सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाच, म्हणजे पालकांची भीती अगदीच हवेतली नव्हती. त्या मुलींच्या मनाला प्रभूने स्पर्श केला असं मी मानतो, त्याबद्दल मला आनंदच आहे. तरीही दुसऱ्याच्या लेकराबाबत आईबापाचा हक्क आपल्याला तोडता येत नाही असंही मी मानतो. रमाबाईंना जेराल्डीनने सांगितलेलं कसं टोचलं होतं, की माझ्या मुलीला काय शिकवायचं ते मी ठरवणार! तोच न्याय त्या विधवांच्या बापांनाही लागतो. विधवा मोठ्या वयाच्या असतील तर त्यांचा स्वतःचा निर्णय, ते वेगळं, पण लहान मुली असतील तर घरच्यांना विचारायलाच हवं होतं, आणि मुलगी येऊन बसते हे लपवून न ठेवता त्यांना आधीच कळवायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आज आपल्या सोसायटीतली पोरं नाताळला आपल्याकडे येतात, केक खातात, येशूच्या जन्माचं नाटक बघतात, संडेस्कूलला मित्राबरोबर येऊन बसतात. येऊ द्या, हाकलू नका. पण त्यांच्या आईला फोन करा, आम्ही हे हे सांगतो, हे गाणं म्हणतो, तुमची हरकत नाही ना असं मोकळेपणाने विचारा. ती नको म्हणाली तर नाही. नीतीच्या दृष्टीने तर हे बरोबर आहेच, आणि आजच्या दिवसांत संशय एवढा भरलेला असताना मंडळीच्या भल्याचंही आहे.

कर्व्यांनी 1896 ला विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा लोकांचा विश्वास जाऊ नये ह्याची त्यांनी जपून काळजी घेतली, शारदा सदनचं काय झालं ते त्यांच्या डोळ्यांपुढे होतंच. गोदूबाई तर त्यांच्या घरातच होत्या, आता आनंदीबाई म्हणून. म्हणजे त्या उघड्या दारातून हेही बाहेर पडलं.

मनोचं पुढे काय झालं हे न सांगता प्रकरण संपवणं मला जमणार नाही, कारण आपण आईबाप म्हणून हे वाचतोय. रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून तीनशेच्या आसपास मुली आणल्या, पुण्यात प्लेग होता म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर न्यावं लागलं, तिथे मुक्ती हे त्यांचं आसऱ्याचं घर उभं राहिलं आणि 1900 च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. स्वतः उपाशी फिरलेली बाई ती, तिला त्या पोरी दिसत होत्या. मनो ह्या सगळ्यात इंग्लंड-अमेरिकेत शिकत होती, पाच-सहा वर्षांची असतानाही ती आईपासून लांब वाँटेजला राहिलेली होती, आणि ह्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. हजारो लेकरांची आई झालेल्या बाईच्या स्वतःच्या लेकराच्या वाट्याला आई किती आली? सेवेत असलेल्या पाळकांना, मिशनमधल्या जोडप्यांना मी हे हात जोडून सांगतो, तुमच्या पोरांना बोर्डिंगला ठेवून तुम्ही दौऱ्यावर असता तेव्हा त्यांना देवाचा राग येऊ शकतो, कारण आईबाप देवाने नेले असं त्यांना वाटतं. इफिसकरांस 6 मध्ये बापांना सांगितलंय की पोरांना चिरडीस आणू नका, आणि सेवेच्या नावाखालीही पोरं चिरडीस येतात.

मनो आली नाही चिरडीला, हे खरं. ती परत आली, शारदा सदनची जबाबदारी घेतली, शिकत राहिली, गुलबर्ग्याला शाळा काढली, आईच्या आजारपणात सगळं ओढलं. तिला कोणी जबरदस्ती केलेली दिसत नाही. पण तब्येतीने साथ दिली नाही, जुलै 1921 मध्ये, चाळिशीत, ती गेली. रमाबाई तेव्हा बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर पुरं करण्याच्या मागे होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल असं, हिब्रू-ग्रीकवरून. पोटची मुलगी गेल्यावरही त्या त्या कामावर बसल्या. 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या, आणि भाषांतर 1924 ला छापून झालं.

आता हे सगळं आपल्या घरात कुठे बसतं. यहोशवा 24 मधलं ते वचन आपल्यातल्या किती घरांत फ्रेम करून लावलेलं असतं, मी आणि माझं घराणं परमेश्वराची सेवा करणार. पण त्याच्याच आधीच्या ओळीत यहोशवा लोकांना सांगतो की कोणाची सेवा करायची ते तुम्ही आजच निवडा, म्हणजे स्वतःच्या घराबद्दल ठाम आणि दुसऱ्याला निवडीची मोकळीक, दोन्ही एका दमात. फ्रेममध्ये आपण अर्धंच लावलंय.

रोजची कौटुंबिक प्रार्थना ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या जागी, कोणी आलं तरी दहा मिनिटं थांबा म्हणून पूर्ण करायची, आवाज वाढवायचा नाही, कमीही करायचा नाही. पोराला शाळेत काय विचारतील ते आधीच सांगून ठेवायचं, विचारलं की उत्तर काय द्यायचं ते त्याच्याबरोबर बसून त्याच्याच शब्दांत ठरवायचं, "हो, आम्ही येशूला मानतो, आजोबांपासून मानतो, तू घरी ये, आईला विचारून ये." भांडायचं नाही, दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवायची नाहीत, आणि घरातल्या घरात तर अजिबात नाही, कारण पोरं तेच शाळेत जाऊन बोलतात आणि मग ज्याला आपण छळ म्हणतो त्यातला काही भाग आपणच पेरलेला असतो. मार खाऊन आलं, कोणी फारच त्रास दिला, तर गप्प बसायचं नाही, वर्गशिक्षकांना भेटायचं, मुख्याध्यापकांना लेखी द्यायचं, बायबलातल्या प्रेषित पौलानेही आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं होतं, हक्क मागण्यात विश्वास कमी पडत नाही.

आणि ज्या पालकांच्या घरी अजून रोजची प्रार्थनाच नाही त्यांनी दाराचा विचार नंतर करा, आज रात्री जेवणानंतर मोबाईल बाजूला ठेवून पोरांना घेऊन बसा, एक स्तोत्र वाचा, प्रत्येकाने एक वाक्य प्रार्थना करा, मोठ्या पोराला नको वाटलं तर त्याला नुसतं बसू द्या, जबरदस्ती करू नका, उद्या परत बोलवा.